घासाघीस आणि घरंदाजपणा

आमच्या सुशिक्षित वर्गात अलीकडे एक नवेच सोवळे रूढ होत चालले आहे. काचेच्या भिंतींच्या व थंडगार हवेच्या शोरूममध्ये शिरल्यावर भावाविषयी वाद घालणे हे हलकेपणाचे लक्षण होय, अशी या वर्गाची समजूत झालेली दिसते. याच वर्गातील गृहस्थ त्याच दिवशी सकाळी उदगीरच्या बाजारात मेथीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून घेतात आणि त्यात त्यांस तिळमात्र संकोच वाटत नाही. दुबळ्याशी हुज्जत आणि सबळापुढे मौन, या आचरणास घरंदाजपणा हे नाव कोणी व कधी दिले ते आम्हांस ठाऊक नाही. परंतु त्याची किंमत लाखांच्या घरात जाते, एवढे मात्र दाखवून देता येण्याजोगे आहे.

उदाहरणादाखल डेमो म्हणून ठेवलेली आलिशान एसयूव्ही घेऊ. विक्रेत्याने गिऱ्हाइकांस चालवून पाहण्यासाठी ठेवलेली ही गाडी. ती विक्रेत्याच्या नावे नोंदलेली असते. काही महिने येईल त्याच्या हाती जाते, आणि तिचे काम संपले म्हणजे विकावयास निघते. आमच्याकडील डॉक्टर, प्राध्यापक, आडते आणि डाळमिलचे मालक यांस तिचे विशेष आकर्षण. कारण नवीचा थाट आणि जुनीची सवलत असे दोन्ही एकदम पदरात पडते असा भास होतो. मुळात अशी गाडी हवीच कशाला, असा प्रश्न कोणी करील. तो प्रश्न योग्य आहे, पण आजचा आमचा विषय तो नव्हे. ज्याने गाडी घ्यावयाचे ठरवले आहे त्याने डोळे मिटून घ्यावी, असे तर साधेपणाचा कैवारीही म्हणणार नाही.

आता आमच्याच मुलखातील दुसरा एक सौदा पाहावा. उदगीर-देवणीचा हा टापू देवणी गोवंशाचे माहेर होय. येथला शेतकरी बैल घ्यावयास निघाला की तो आधी बैलाचा जबडा उघडून दात मोजतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, हे कळल्यावाचून भावाचा शब्द काढीत नाही. मग बैल चालवून पाहतो, खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवतो. आणि भाव ठरतो तो हेड्याच्या रुमालाखाली, बोटे दाबून. या रुमालाला आमचे सुशिक्षित लोक हसतात. परंतु शोरूममधील तरुण जेव्हा ‘साहेबांना विचारून येतो’ असे म्हणून आतल्या खोलीत जातो, तेव्हा तो दुसरे काय करतो? रुमाल तेथेही आहेच. फरक एवढाच की बैलबाजारात दोघांचेही हात रुमालाखाली असतात; येथे एकाचाच असतो, आणि दुसरा कॉफी पीत बसतो.

तेव्हा आधी दात मोजावेत. डेमो गाडीचे वय विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये. नोंदणीच्या पुस्तकात वाचावे. हमीची मुदत साधारणतः त्याच तारखेपासून धावू लागलेली असते, आणि आपण घेतल्यावर आपले नाव दुसरा मालक म्हणून लागते. पुढे गाडी विकताना हा कमीपणा आपल्याच पदरी येतो. मोटारीच्या विम्यात वयपरत्वे घट धरण्याचे एक कोष्टक पूर्वीपासून चालत आले आहे. ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के, ६ महिने ते १ वर्षापर्यंत १५ टक्के, आणि १ ते २ वर्षांपर्यंत २० टक्के. ही घट धरावयाची ती कारखान्याच्या चालू भावावर. हे कोष्टक म्हणजे बाजारभाव नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ते गिऱ्हाइकाने रचलेले नाही आणि विक्रेत्यानेही नाही, म्हणून बोलणे सुरू करावयास त्याच्याइतका तटस्थ आधार दुसरा नाही.

‘चालू भाव’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील कर बदलला. पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आणि त्यावर २२ टक्के उपकर, मिळून ५० टक्के पडत. उपकर जाऊन आता सरसकट ४० टक्के पडतात. कराविना ५० लाखांची गाडी धरा. पूर्वी ती ७५ लाखांस पडे, आता ७० लाखांस पडते. त्या तारखेपूर्वी घेतलेली डेमो गाडी दाखवून विक्रेता जुने बिल पुढे ठेवतो आणि उदारपणे म्हणतो, ‘५ लाख सोडले.’ गिऱ्हाईक कृतकृत्य होते. वस्तुतः त्याला एक पैही सुटलेली नसते. ७० लाखांस कोरी गाडी शेजारीच उभी असते! वरील कोष्टक लावले तर वर्षाच्या आतील त्या गाडीचे ५९ लाख ५० हजार आणि वर्षावरील गाडीचे ५६ लाख होतात. या दोन आकड्यांपासून बोलणे वर चढवीत न्यावे की ७५ लाखांपासून खाली आणावे, यातच सारा सौदा आहे.

यावर विक्रेते म्हणतील की आम्हांस खर्च नाही काय? आहे, परंतु गिऱ्हाइकांस गाडी चालवून दाखवणे हा त्यांच्या धंद्याचा खर्च आहे. सप्टेंबर २०२४ च्या सरकारी परिपत्रकाने डेमो गाडीच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट विक्रेत्यास मिळू शकते, असा खुलासाही केला आहे. शंभर अनोळखी हातांनी ब्रेक दाबले त्याचे पैसे एकशे एकाव्याने का भरावेत?

दुसरी युक्ती याहून सोज्वळ आहे. भावाचा विषय निघाला की तो हळूच हप्त्याकडे वळवला जातो. ‘साहेब, महिन्याला किती जमेल तेवढे सांगा.’ पगारदार मनुष्य या प्रश्नाने विरघळतो. ५० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांत फेडावयाचे तर हप्ता सुमारे १ लाख ३ हजार ८०० पडतो. मुदत ७ वर्षे केली की तो ८० हजार ४०० वर येतो. दरमहा २३ हजार वाचले म्हणून घरात पेढे वाटले जातात, आणि व्याजापोटी ५ लाख ३० हजार अधिक जातात, ते कोणी मोजीत नाही. मुलांच्या शिक्षणाचा वा म्हातारपणाचा पैसा अशा रीतीने निघून जातो, आणि गेल्याचे कळतही नाही. म्हणून भाव ठरेपर्यंत हप्त्याचे नावही निघू देऊ नये.

घासाघीस हलकी म्हणणाऱ्यांस आम्ही मराठवाड्यातीलच एक गोष्ट स्मरण करून देतो. ऑक्टोबर २०१० मध्ये तत्कालीन औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, उद्योजक-व्यावसायिकांनी एकजुटीने १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा ६५ कोटींचा झाला, आणि स्टेट बँकेने ७ टक्के व्याजाने कर्ज दिले. हे लोक काही दरिद्री नव्हते. एकेकट्याने न जाता जमावाने जावे आणि भाव व व्याज दोन्ही पाडून घ्यावे, यात त्यांस लाज वाटली नाही. त्याच सुमारास त्याच जिल्ह्यात ट्रॅक्टरसाठी १६ टक्क्यांच्या आसपास व्याज भरणारे शेतकरी होते, ही या गोष्टीची दुसरी आणि आम्हांस अधिक बोचणारी बाजू. त्यांच्या वतीने बोलणी करावयास कोणी गेले नाही. घासाघीस श्रीमंतांनी केली म्हणजे ती व्यवहारचातुर्य ठरते आणि गरिबाने केली म्हणजे कटकट, हा न्याय आम्हांस मुळीच मान्य नाही. मध्यमवर्ग तर या दोहोंच्या मध्ये अवघडून उभा आहे.

उदगीरकरांस एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. त्यांस पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. तेथील डेमो गाडी स्वस्त ऐकून पुष्कळांचे पाय तिकडे वळतात. परंतु तेलंगणात नोंदलेली गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर तेथील आरटीओचे ना-हरकत पत्र आणून येथे नवी नोंदणी करावी लागते, आणि महाराष्ट्राचा कर निराळा भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा ज्याचा त्याने मागत बसावे. ही रक्कम आधी भावातून वजा करून मगच तिकीट काढावे. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता जो १ टक्का आयकर गोळा करतो तो मात्र विवरणपत्रात परत धरता येतो. त्यास भाव समजून त्यावर शब्द खर्ची घालू नयेत.

राहता राहिला तो भिडेचा प्रश्न. विकणारा तरुण बहुधा आपल्याच गावाकडचा, कधी आपलाच विद्यार्थी असतो. ‘सर’ म्हणतो, पाया पडतो, आणि सरांची जीभ टाळ्यास चिकटते. त्यास आमचे सांगणे एवढेच की, त्या मुलाच्या हाती भाव नसतोच. त्याच्याशी प्रेमाने बोलावे, घरची खुशाली विचारावी, आणि ज्याच्या हाती भाव आहे त्या साहेबास बाहेर बोलवावे. सर्व्हिसचा लेखी इतिहास, विम्याचे दावे झाले असल्यास त्यांची नोंद, चारही टायरांची अवस्था आणि मालकी बदलण्याचा खर्च कोणाचा, हे साहेबांच्या सहीने कागदावर यावे. तोवर बयाणा देऊ नये. डेमो गाडी अंगणात उभी राहून दरमहा जुनी होते, आणि वरील कोष्टकातली पुढची पायरी तिची वाट पाहत असते. घाई असलीच तर ती त्यांना आहे.