नवे सोवळे

आमच्या रत्नागिरीतून सोवळे हद्दपार झाले, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी एखाद्या सुखवस्तू घरी फ्रेंच तांबड्या वाइनची बाटली उघडण्याचा सोहळा अवश्य पाहावा. मुकटा नेसून वावरणाऱ्या आजोबांनी देवघरात पाळले नसतील एवढे नेम त्यांचा नातू या बाटलीभोवती पाळतो. पेला दांड्यालाच धरायचा, तीनदा गरगर फिरवायचा, त्यात नाक घालायचे, डोळे मिटायचे आणि मग ‘ब्लॅककरंट, देवदार, चामडे’ असा मंत्र पुटपुटायचा. ब्लॅककरंटचे झुडूप या गृहस्थाने जन्मात पाहिलेले नसते. पण पुस्तकात तसे लिहिलेले आहे! कारण विसरून पाळलेला नियम म्हणजे सोवळे. मग हे सोवळे नव्हे तर दुसरे काय?

माझा आक्षेप वाइन पिण्याला नाही. ज्याला ती वर्ज्य असेल त्याने ती वर्ज्यच ठेवावी. दारू ती दारूच, द्राक्षांची म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. पण जो पितो त्याने निदान स्वतःच्या जिभेने प्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

पहिला नेम घ्या. तांबडी वाइन ‘खोलीच्या तपमानाला’ द्यावी, हे आमच्याकडे वेदवाक्य झाले आहे. पण खोली कुठली? हा नेम रूढ झाला त्या काळी फ्रान्समधल्या दगडी घरांत उष्णतेचे नळ खेळत नव्हते. १०-१२ अंशांच्या तळघरातून बाटली वर आणायची आणि जेवणघरात ती १६ ते १८ अंशांपर्यंत येऊ द्यायची, इतकाच त्याचा अर्थ. आमच्या जेवणघरात वैशाखातला पारा ३२ च्या आसपास असतो. बोर्दोची किंवा ऱ्होन खोऱ्यातली अंगाने भरलेली, भारदस्त वाइन घ्या. तिच्यात मद्यार्क १३-१४ टक्के, कधी त्याहूनही अधिक असतो. अशी वाइन या उष्म्यात ओतली की नाकात आधी शिरतो तो स्पिरिटचा भपकारा. फळाचा वास त्याखाली गुदमरून जातो. तेव्हा रत्नागिरीत हा नेम खऱ्या अर्थाने पाळायचा म्हणजे बाटली तास-दीड तास शीतकपाटात ठेवायची, आणि पेल्यात थोडी थोडीच ओतायची, कारण आमच्या हवेत ती पाहता पाहता तापते. फार गारही करू नये. मग तिचा तुरटपणा टोचू लागतो.

दुसरा नेम काचेच्या सुरईचा. जुन्या वाइनच्या तळाशी गाळ बसतो, तो मागे राहावा. आणि कोवळ्या, करकरीत वाइनला वारा लागून तिने अंग सैल सोडावे, ही त्यामागची दोन कारणे. यांपैकी एकही लागू नसताना सुरई मांडणे म्हणजे रिकाम्या ताटाभोवती चित्राहुती घालण्यासारखे आहे.

आता जेवणाकडे वळू. टॅनिन हा शब्द ऐकून कोणी गांगरून जाऊ नये. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत, शिवाय ओकच्या पिपांत असणारा हा तुरट अंश लाळेतल्या प्रथिनांना धरतो, म्हणून तोंड कोरडे पडते. काजूचे बोंड खाऊन ज्याचा घसा धरला आहे, त्या कोकणी पोराला हे शिकवायला बोर्दोचा पंडित कशाला हवा? मांसातली प्रथिने आणि चरबी या तुरटपणाला आवरतात, म्हणून तिकडे भाजलेल्या कोकराशी तिची जोडी जमली. आमच्याकडे भाजक्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणातले मटण तेच काम करील. मांस न खाणाऱ्याने काळ्या वाटाण्याची उसळ करून पाहावी. तिखटाचा हात मात्र आखडता हवा, कारण मद्यार्काने मिरचीची आग भडकते. आणि आंबरस त्या पानावर नकोच. गोडापुढे ही वाइन कडवट आणि हडकुळी लागते.

पण आमची मंडळी काय करतात? रत्नागिरीचा मान म्हणून पाहुण्यांपुढे बांगड्याचे तिखले ठेवतात आणि घराचा मान वाढावा म्हणून शेजारी तीच तांबडी वाइन! तांबड्या वाइनमधल्या लोहामुळे माशाच्या घासाबरोबर वशट वास उठतो, हे जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. शास्त्र बाजूला ठेवा. ज्या नाकाला शिळा बांगडा टोपलीत पाहण्याआधीच कळतो, त्याला हे पहिल्या घासाला कळायला हवे होते. कळलेही असेल, पण बाटलीची किंमत ऐकून ते गप्प बसले.

या किमतीच्या दबदब्याचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तांबड्या वाइनच्या नामांकित मळ्यांची पाच पायऱ्यांची उतरंड लावली, ती मुख्यतः बाजारभाव पाहून. त्यानंतर वरच्या पायरीवर बढती मिळाली ती एकट्या मुताँ-रोतशिल्दला, १९७३ साली. पुढे १९७६ मध्ये पॅरिसातच फ्रेंच पारख्यांनी नावे झाकून चव घेतली, तेव्हा तांबड्या वाइनमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाची. मुताँ तिच्या मागे राहिली. आणि २००१ साली प्रसिद्ध झालेला बोर्दोमधला एक प्रयोग तर मासलेवाईक आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन तांबडा रंग घालून ठेवली, आणि त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले! जिथे ही विद्या पिकते तिथल्या विद्यार्थ्यांची जर ही गत, तर आम्ही डोळे मिटून म्हटलेल्या मंत्राची काय कथा?

यावर कोणी स्वदेशाभिमानी म्हणेल, मग टाका ती परकी बाटली खाडीत. हेही सोवळेच. हापूस हे नावसुद्धा पोर्तुगीज ‘अफोन्सो’चे आहे. नाव परके राहिले, पण पारख आमची झाली. देठाशी नाक नेऊन, अढीत चढलेला रंग पाहून, आंबा कातळावरच्या बागेतला की खालच्या भारी मातीतला हे सांगणारी माणसे इथे वाडीवाडीत होती. काही अजून आहेत. मेदोकच्या खडेरी जमिनीतला कॅबर्ने आणि पोमेरोलच्या चिकणमातीतला मर्लो यांत फ्रेंच माणूस जो भेद करतो, तो याच जातीचा.

फ्रान्सने १९३५ साली प्रदेशाच्या नावाला कायद्याचे कुंपण घातले. हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते २०१८ साली. पण कायदा नाव राखतो, चव राखायला गिऱ्हाईक लागते. परप्रांतातला आंबा रत्नागिरीच्या पेटीत घालून खपतो, कारण लोक पेटी वाचतात, आंबा हुंगत नाहीत. बाटलीवरच्या चिठ्ठीपुढे जो आपली जीभ गहाण टाकतो, तो उद्या पेटीवरच्या छापापुढेही टाकणार. त्यात बोर्दोवाल्याचे काही जात नाही. बाग जाते ती आमची.

तेव्हा या दिवाळीत बाटली उघडायचीच असेल तर ती गार करा, चिठ्ठीभोवती फडके गुंडाळा, मटणाबरोबर वाढा आणि पाहुण्याला विचारा, कशी लागते? ‘तुरट आहे, जांभळासारखी,’ असे तो म्हणाला तर हसू नका. जांभूळ काही ब्लॅककरंटहून हलक्या कुळातले नाही. आणि ‘मला नाही आवडली’ असे तो म्हणाला, तर सोलकढीची वाटी त्याच्यापुढे सरकवा. त्या पंगतीतला खरा रसिक तोच असण्याचा पुष्कळ संभव आहे.