गिरणीच्या जमिनीवर घर कामगाराचेच

18 जानेवारी. 1982 साली याच दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याचे रीतसर कधी जाहीरही झाले नाही. तेव्हाचे जे कामगार हयात आहेत, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हाडाकडे घरासाठी आलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास अर्जांपैकी कित्येकांवर आता वारसाचे नाव आहे. 2012, 2016 आणि 2020 मध्ये सोडती निघाल्या. पण घरे काही हजार, उमेदवार लाखांत. उरलेल्यांना शेलू-वांगणी दाखवले जाते. बदलापूरच्याही पुढे!

मुंबईत जागा नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. लालबाग-परळ आणि आसपास गिरण्यांची मिळून सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 नुसार तिचा एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला मिळणार होता. 2001 मध्ये या नियमात बदल झाला आणि फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीनच वाटणीत धरली जाऊ लागली. आता गिरणीच्या आवारात मोकळे असे असते तरी किती? साचेखाते, त्रासनखाते, गोदामे, बॉयलर, चिमणी यांनीच ते भरलेले. शेड पाडल्यावर मोकळी झालेली जमीन मालकाकडे राहिली आणि वाटणीला अंगणाचे तुकडे आले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. कायद्याने तो टिकला; कामगारावर अन्याय झाला, असेच आम्ही म्हणू.

आहे त्याच जागी घर देता येते, हे बीडीडी चाळींनी दाखवले आहे. 160 चौरस फुटांची खोली, त्यातच मोरी, मजल्यावर सामाईक शौचालय, अशा घरांत पिढ्या गेल्या. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतल्या 556 कुटुंबांना त्याच परिसरात 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 2017 च्या भूमिपूजनानंतर आठ वर्षे गेली, हा उशीर जिवाला लागणारा आहे. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या रहिवाशांना तरी एवढी वाट पाहायला लावू नये. पण काम म्हाडाने केले, आणि वरळीकर वरळीतच राहिला.

मग गिरणी कामगारानेच का जावे? परळची टाटा, काळाचौकीची दिग्विजय, ना. म. जोशी मार्गावरची पोदार या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांतली यंत्रे 2020 च्या टाळेबंदीत थांबली. महामंडळ केंद्र सरकारचे आहे. या जमिनी विक्रीला काढण्याचा विचार होण्याआधी राज्य सरकारने केंद्राशी बोलून त्यांवर कामगारांच्या घरांचे आरक्षण टाकावे. वाटणी करायची झाली, तर शेडखालच्या जमिनीसकट करावी.