वार्षिकांकातला एक फर्मा

६ सप्टेंबर १५५६ रोजी पोर्तुगालहून आलेल्या जहाजातून गोव्यात छापखाना उतरला. निघाला होता तो अ‍ॅबिसिनियासाठी. तिकडचे काही जुळेना, म्हणून गोव्यातच राहिला. या तारखेची आठवण कुठे निघालीच, तर ती भारतीय मुद्रणाचा जन्मदिवस म्हणून. दोन भाषणे होतात आणि विषय मिटतो. त्यात एक तपशील बहुधा राहून जातो. ते यंत्र बसले सेंट पॉल कॉलेजात, आणि त्यावर पहिल्यांदा छापले गेले ते विद्यार्थी ज्यांवर वाद घालणार होते ते तत्त्वज्ञानातले सिद्धान्त. यंत्र चालवणारा जुआंव द बुस्तामांते हा जेझुइट. त्याच्या मदतीला एक हिंदी कारागीर धाडला होता. तेव्हाच्या पत्रात त्याच्या कसबाची तारीफ आहे, नाव नाही.

म्हणजे आपल्याकडचा पहिला छापखाना हा कॉलेजातलाच. आजच्या कॉलेजांत मात्र शिशाचे खिळे शोधायला जावे तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते: भंगारात गेले. ऑफसेट आणि डीटीपी आल्यावर गल्लोगल्लीची ट्रेडल छपाईयंत्रे किलोच्या भावाने विकली गेली. तो व्यवहार होता, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. राग येतो तो मागे उरलेल्या यंत्रांचे जे होते त्याचा. रंग फासून त्यांना प्रवेशद्वाराशी उभे करायचे, खंडेनवमीला झेंडूचा हार घालायचा, आणि एरवी ‘हात लावू नये’ची पाटी. चालू स्थितीतल्या यंत्राचा याहून मोठा अपमान नसेल.

खिळे जुळवायला शिकून नोकरी मिळणार का? नाही. तरीही हे शिकवावे, कारण देवनागरी म्हणजे काय हे जुळणीच्या केसपुढे, म्हणजे खिळ्यांच्या खणांपुढे, उभे राहिल्याशिवाय पुरते कळत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांना ते चारशे वर्षांपूर्वी कळले होते. देशी भाषेतली पुस्तके देशी लिपीत छापावीत ही त्यांची जुनी इच्छा. पण युरोपात चोवीस साचे पुरतात, इथे सहाशे लागतील, असे त्यांनी १६०८च्या पत्रात लिहिले. अखेर त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापून निघाले. पुढे मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांनी आणि तिथेच हात बसलेल्या जावजी दादाजींनी आपल्या निर्णयसागर छापखान्यात हे कोडे सोडवले. मुंबईच्या डिग्री पद्धतीत मूळ अक्षर मध्ये, मात्रा-वेलांट्या वर, उकार खाली, असे थर वेगवेगळे जुळवायचे. आज फोनवर ‘र्त्य’ उमटतो तेव्हा त्यामागे हीच सगळी डोकेफोड असते. फक्त ती दिसत नाही.

जुळणीत ती दिसते. विद्यार्थिनी हातात स्टिक धरून आपल्याच कवितेच्या चार ओळी जुळवू लागते. अक्षरे उलटी, ओळ डावीकडून उजवीकडे. तिसऱ्या ओळीत खणातले ‘त्त’ संपतात. आता एक तर पाय मोडून ‘त्‌त’ लावायचे, नाही तर आधीचे पान छापून होऊन खिळे परत खणात पडेपर्यंत थांबायचे, किंवा शब्दच बदलायचा. ती शब्द बदलते, आणि पुष्कळदा ओळ सुधारते! कोणत्याही मराठीच्या प्राध्यापकाला संपादनाचा हा धडा फळ्यावर इतक्या लवकर शिकवता येणार नाही. मग गॅलीवरचे प्रूफ निघते, त्यात ‘ध’च्या जागी ‘घ’ उभा असतो. गार्सिया द ओर्ताचा वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो ज्ञानासाठी जितका प्रसिद्ध, तितकाच छपाईच्या चुकांसाठी. तेव्हा कोणी खचून जाऊ नये. (हात मात्र धुवावेत; शिसे आहे.)

परदेशातल्या कॉलेजांत हे शिकवणे सुरळीत चालले आहे असेही नाही. अक्षररचनाकार व्हिक्टर हॅमर ऑस्ट्रियातून बाहेर पडून १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्स कॉलेजात शिकवायला आले, तिथे छापखाना चालला, पुढे ग्रंथकलेचे केंद्रही उभे राहिले. ते कॉलेजच २०२४ मध्ये पैशाअभावी बंद पडले. असा छपाईचा वर्ग कॉलेजच्या जिवावर जगतो, आणि कॉलेजला तो परवडावा असा साधा असावा लागतो.

साधा म्हणजे किती? एक चालती ट्रेडल, खिळ्यांच्या काही केस, कागद, दोरा, दाभण, पुठ्ठा आणि खळ. यंत्र अजून मिळेल. मिळणार नाहीत ते जुळारी. ज्यांच्या बोटांना खण पाठ आहेत ते आता सत्तरीच्या पुढे-मागे आहेत, आणि त्यांना आजवर कोणी ‘सर’ म्हटलेले नाही. नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याच्या विषयांना श्रेयांक आहेत. त्यातला एक या वर्गाला द्यावा आणि शिकवायला अशा जुळाऱ्याला मानधनावर बोलवावे. त्याच्याकडे पदवी नाही, ही अडचण विद्यापीठाने आपल्या कागदांवर सोडवावी.

वर्षभराचे काम काय, तेही ठरलेलेच आहे. आपल्या बहुतेक कॉलेजांचा वार्षिकांक निघतो आणि त्यातला प्राचार्यांच्या मनोगतापलीकडचा मजकूर क्वचितच वाचला जातो. त्यातला एक फर्मा, नुसती आठ पाने, विद्यार्थ्यांनी स्वतः जुळवावा, छापावा, घड्या घालून शिवावा. मनोगत बाकीच्या पानांत, ऑफसेटवर छापायला हरकत नाही.