अवचित पाहुण्यासाठी घरातली बेगमी

आगाऊ वर्दी न देता आलेल्या पाहुण्यासमोर वीस मिनिटांत गरम अन्न ठेवता येणे, ही मराठी घरांत सुगरणपणाची खूण मानली जाते. परंतु त्या वीस मिनिटांचा बारकाईने विचार केला, तर प्रत्यक्ष स्वयंपाकाचा थोडाच भाग त्यांत होतो आणि बराचसा भाग काही आठवडे किंवा काही महिने आधीच उरकलेला असतो, असे दिसते. थालीपीठ पटकन होते, कारण त्याची भाजणी कोणीतरी घाम गाळून आधी भाजून दळून ठेवलेली असते. पापड, कुरडई आणि सांडगी मिरची क्षणात तळून निघतात, कारण त्यांना चैत्र-वैशाखाचे ऊन मिळालेले असते. पुढच्या गरजेसाठी हंगामात करून ठेवलेल्या साठवणीला, म्हणजेच बेगमीला, आतिथ्याच्या विचारात मध्यवर्ती स्थान द्यावे लागते, आणि तसे दिले म्हणजे डबाबंद अन्नाकडे कमअस्सल वस्तू म्हणून पाहण्याची जी सवय मराठी घरांत अजून टिकून आहे, तीही नव्याने तपासावी लागते.

भाजणीचेच उदाहरण घेतले तर या साठवणीमागचे शास्त्र स्पष्ट होते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे आणि जिरे ही तिची सर्वसाधारण सामग्री. प्रमाण घरोघरी बदलते, पण प्रत्येक धान्य वेगळे भाजायचे हा दंडक सहसा कुठेच मोडला जात नाही, कारण उडीद डाळीचा खमंग वास सुटेपर्यंत लागणारा वेळ आणि तांदूळ फुलू लागेपर्यंत लागणारा वेळ एक नसतो. या भाजण्याने तीन गोष्टी साधतात: धान्यातला ओलावा उडून गेल्यामुळे पिठात बुरशी व कीड सहजासहजी शिरत नाही, कच्चेपणा आधीच निघून गेल्यामुळे तव्यावर वेळ वाचतो, आणि स्निग्धांश फोडणारी विकरे, म्हणजे धान्यातच असलेली व रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, उष्णतेने निष्क्रिय होतात. बाजरीच्या बाबतीत ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची ठरते, कारण कच्च्या बाजरीचे पीठ या विकरांमुळेच थोड्या दिवसांत कडवट होते, तर भाजणीतली बाजरी घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन महिने चांगली राहते. विकर हा शब्दही कानावर न आलेल्या पिढ्यांनी हे ज्ञान जिभेच्या आणि नाकाच्या कसोटीवर सिद्ध केले होते, आणि पाककौशल्याच्या इतिहासात त्याची दखल आजवर घेतली गेली त्याहून पुष्कळ अधिक आदराने घ्यायला हवी.

मेतकूट भाजणीच्याही एक पाऊल पुढे जाते, कारण डाळी, तांदूळ व गहू यांबरोबर मेथी, मोहरी, सुंठ, हळद आणि हिंग घालून केलेले हे पीठ पूर्णपणे भाजलेले असल्यामुळे त्याला नंतर विस्तवाची गरजच उरत नाही. ऊन भात आणि तूप असले की पान तयार होते. कोकणात भाजलेल्या कुळथाची पिठी हेच काम करते आणि लसणीच्या फोडणीवर तिचे पिठले भाताचा कुकर उतरण्याआधी शिजून जाते. किनाऱ्यावरच्या घरांत सुकट आणि सुके बोंबील असतात, देशावर शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी असते, लोणचे आणि मुरांबा तर सर्वत्रच. पाणी काढून टाकणे, मीठ किंवा साखर भरपूर घालणे, आंबटपणा वाढवणे आणि वरून तेलाचा थर ठेवणे या चार उपायांवर ही सगळी साठवण उभी आहे.

तरीही या समृद्ध व्यवस्थेत एक उणीव राहिली होती आणि ती कडधान्याची होती. हरभरा किंवा चवळी वर्षभर घरात असली, तरी ती भिजायला रात्र जाते, मटकीला मोड आणायचे तर आणखी एक दिवस लागतो, आणि त्यानंतर शिजवणे वेगळेच. म्हणून अवचित पाहुण्याला पिठले मिळे, थालीपीठ मिळे, पण उसळ मिळत नसे. पारंपरिक साठवण श्रम वाचवण्यासाठी धान्याचे पीठ करते, आणि दाणा अखंड ठेवायचा झाला की तिचा उपाय संपतो. डबाबंद अन्नाची खरी उपयुक्तता नेमकी याच ठिकाणी आहे, कारण त्यात पाणी काढून न टाकता, दाणा पूर्ण शिजवलेल्या अवस्थेत टिकवला जातो.

या पद्धतीचा जनक फ्रान्समधील निकोला अपेर याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, त्यांना घट्ट बुचे लावून, त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधून काढली, आणि ती जाहीर करण्याच्या अटीवर फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँक दिले. त्याचे पुस्तक 1810 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्यासह या पद्धतीचे पेटंट घेतले. अन्न का टिकते हे अपेरला ठाऊक नव्हते. सूक्ष्मजीवांचा खुलासा लुई पाश्चरच्या संशोधनातून सुमारे अर्धशतकानंतर आला. आज या उद्योगात सामू, म्हणजे पदार्थाची आम्लता सांगणारे परिमाण, निर्णायक मानतात. सामू 4.6 पेक्षा कमी असलेल्या आंबट पदार्थांना उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. त्याहून कमी आंबट असलेल्या डाळी, भाज्या व मासे यांना मात्र वाफेच्या दाबाखाली सुमारे 121 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते, कारण क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत आणि बंद डब्यात हवेवाचून वाढून ते प्राणघातक विष तयार करतात. फुगलेला, गळका किंवा उघडताना आतून फवारा उडालेला डबा चाखूनही न पाहता टाकून द्यावा, हा नियम त्यातूनच येतो आणि पाहुणे दारात असले तरी तो शिथिल करता येत नाही.

याच तापवण्यामुळे काबुली चणे डब्यातच शिजून मऊ होतात. सुमारे 400 ग्रॅमच्या डब्यातले पाणी निथळल्यावर साधारण 240 ग्रॅम चणे हाती येतात आणि ते तीन माणसांच्या उसळीला पुरतात. डब्यातले पाणी खारट असल्याने चणे चाळणीत धुऊन घ्यावेत, मोहरी-हिंगाच्या फोडणीवर कांदा परतावा, चणे, गोडा मसाला, आमसूल, गूळ आणि वाटीभर गरम पाणी घालून दहा मिनिटे उकळी येऊ द्यावी, आणि थोडे चणे पळीने चेचून रस दाट करावा. आमसूल विसरू नये, कारण डब्यातल्या चण्यांना जो थोडा सपक वास असतो तो आंबटपणानेच झाकला जातो. नारळाचे डबाबंद दूधही असेच उपयोगी पडते: गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून कोळलेल्या आमसुलांचे पाणी गार करून त्यात हे दूध, थोडे साधे पाणी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि मीठ मिसळले की सोलकढी तयार होते, ती विस्तवावर मात्र ठेवू नये, कारण आंबटाबरोबर तापवलेले नारळाचे दूध फाटते. ताज्या खोबऱ्याच्या दुधाची गोडी या सोलकढीत पूर्ण उतरत नाही, आणि तसा दावा करण्याचे कारणही नाही. पण खोबरे खवून, वाटून, पिळून घ्यायला जो वेळ लागतो तो अवचित पाहुण्याच्या वेळी हाताशी नसतो.

डबाबंद अन्न बाहेरून आले असे म्हणताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा विसर पडतो. हंगामाच्या उत्तरार्धात, बाजारात हापूसचा भाव उतरला आणि पावसाची चाहूल लागली की तिथला आंबा मोठ्या प्रमाणावर कारखान्यांकडे वळतो, आणि कॅनिंगचा किलोचा दर हा बागायतदारांच्या मे महिन्यातल्या बोलण्याचा विषय असतो. हाच रस 850 ग्रॅमच्या डब्यांतून अमेरिकेतल्या आणि आखाती देशांतल्या मराठी घरांत पोहोचतो, आणि ज्या गावी हापूस दिसतही नाही तिथे भर थंडीत आलेल्या पाहुण्याला पुरीबरोबर आमरस किंवा घट्ट दह्यात साखर व रस घोटून केलेले आम्रखंड मिळते. डबा उघडल्यावर उरलेला रस काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावा, उघड्या पत्र्यात राहू देऊ नये.

भाजणी बाजारातून आणणे किंवा चणे डब्यातून काढणे याची खंत अनेक गृहिणी बाळगतात, आणि ती खंत अनाठायी आहे. घरातल्या साठवणीचे सगळे कष्ट बायकांनी केले, दुपारच्या दुपारी गच्चीवर वाळवणे राखली, आणि त्या कष्टांचा मोबदला तर सोडाच, हिशेबही कोणी ठेवला नाही. मुंबईत गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली, तेव्हा घरात बिनमोल ठरलेल्या त्याच कौशल्याला दाम मिळाला. आज बचत गटांच्या स्त्रिया भाजणी, मेतकूट आणि कुळथाची पिठी विकतात, त्यामागेही तेच तत्त्व आहे. विकतच्या पिठाने आतिथ्य उणे होत नाही. ते उणे होते पाहुणा आल्यावर घरातली एकच व्यक्ती उठून ओट्याशी जाते आणि बाकीचे गप्पांत राहतात तेव्हा. म्हणून ज्या पुरुष वाचकांना आपल्या घरात भाजणीचा डबा कोणत्या फळीवर आहे हे आज ठाऊक नाही, त्यांनी या आठवड्यात तो शोधावा, कांदा बारीक चिरावा, कोमट पाण्यात पीठ मळून ओल्या फडक्यावर थालीपीठ थापावे, मध्ये भोके पाडून तेल सोडावे आणि ते झाकण ठेवून खरपूस भाजायला शिकावे.