उजेड आधी, दणका मागून

मुलांनो, वळवाच्या पावसात वीज चमकली की तुम्ही काय करता? आमच्या वर्गातली पोरं मोठ्यानं मोजायला लागतात. ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल...’ एक विठ्ठल म्हणजे साधारण एक सेकंद. (घड्याळ लावून पाहिलंय बरं का!) गडगडाट ऐकू आला की थांबायचं आणि आकड्याला तीननं भागायचं, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. सहा विठ्ठल झाले, तर वीज दोन किलोमीटरवर.

पण मोजता मोजता एकशेचाळीस विठ्ठल झाले तर?

तसं खरंच घडलंय. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरात. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. आकाशातून एक गोळा सणसणत गेला आणि क्षणभर सूर्याहून लख्ख उजेड पडला. वीसेक मीटर रुंदीचा तो दगड होता, सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर वेगानं आलेला. जमिनीपासून साधारण ३० किलोमीटर उंचीवर तो फुटला.

आवाज? काहीच नाही! सगळं शांत. मग माणसं काय करणार? धावली खिडकीकडे, काचेला नाक लावून आकाशातला धुराचा पट्टा बघायला. तुम्हीआम्हीही तेच केलं असतं.

आणि दोन-सव्वादोन मिनिटांनी दणका आला. हजारो खिडक्यांच्या काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक काचांनीच. नशीब, कुणी दगावलं नाही.

तिथल्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर एक बाई होत्या. उजेड दिसताच त्यांनी ४४ मुलांना बाकांखाली बसवलं. एकाही मुलाला खरचटलं नाही. बाई मात्र उभ्याच राहिल्या. काचेनं त्यांचा हात कापला. मीही मास्तरच, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता गणित. १४० भागिले तीन म्हणजे जवळजवळ ४७ किलोमीटर. पण थांबा, इथं थोडी गफलत आहे. वर हवा कडाक्याची थंड, उणे पन्नास अंशांच्याही खाली असते आणि थंड हवेत आवाज हळू चालतो. म्हणून सेकंदाला ३०० मीटर धरू. १४० × ३०० = ४२,००० मीटर, म्हणजे ४२ किलोमीटर. उंची ३० आणि अंतर ४२, याचा अर्थ गोळा डोक्यावर नव्हता, जरा बाजूला होता. खरोखरच तो शहराच्या दक्षिणेकडून गेला होता! हा अंदाजच, पण मोजायला फक्त घड्याळ लागलं.

रात्री दिसणाऱ्या साध्या उल्कांवर मात्र हा प्रयोग करू नका. त्या वाळूच्या कणाएवढ्या. ८०-१०० किलोमीटरवरच जळून जातात. त्यांचा आवाज खाली येतच नाही. विठ्ठल विठ्ठल म्हणत बसलात तर काकडआरतीच व्हायची!