नुसतं ‘रेफर’ लिहून भागत नाही

वस्तीत तपासणी शिबिर झालं की पुढचे चार दिवस बाया आमच्याकडे कागद घेऊन येतात. “ताई, यात काय लिहिलंय?” बहुतेकींच्या कागदावर काळजीचं काही नसतं. एखादीच्या कागदावर मात्र दोनच शब्द असतात : ‘पॉझिटिव्ह. रेफर.’ काय पॉझिटिव्ह, कुठे जायचं, किती दिवसांत, काही नाही.

अशीच धुणीभांडी करणारी एक भगिनी आम्हाला शिबिरानंतर आठ महिन्यांनी भेटली. कागद तिनं रेशनकार्डाच्या पिशवीत नीट जपून ठेवला होता. “पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच ना?” तिनं विचारलं. आम्ही तिला घेऊन त्या दवाखान्यात गेलो. रजिस्टरमध्ये तिचं नाव होतं, पुढचा रकाना कोरा. फोन नंबरात एक आकडा चुकलेला. नंतर तुकडा काढून तपासला तेव्हा कॅन्सर निघाला नाही, पण त्याच्या आधीचा गंभीर बदल निघाला. उपचार झाले, ती आज कामावर जाते. लोक म्हणाले, नशीब चांगलं. बाईचा जीव नशिबावर सोडायला आम्ही तयार नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं २०२२ साली भारतात सुमारे ८० हजार बायांचा जीव गेला, असा जागतिक अंदाज आहे. हा रोग बहुधा सावकाश वाढतो. आधीच्या बदलापासून कॅन्सर व्हायला अनेकदा दहा वर्षंही लागतात. म्हणजे वाचवायला वेळ असतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख बायांचा मोठा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या पातळ ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी करत. त्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र नव्हतं. पण नुसत्या तपासणीनं कोणी वाचत नाही. जिच्यात दोष दिसला तिला पुढच्या तपासणीपर्यंत आणि उपचारापर्यंत न्यावं लागतं. ती वाट कागदावरच्या नोंदीवरून जाते.

म्हणून कागद वाचायला शिकू या. ॲसिडच्या तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे पिशवीच्या तोंडावर पांढरा डाग दिसला, दुर्बिणीतून पाहायला हवं. कॅन्सर आहे असा त्याचा अर्थ नाही. पॅप तपासणीत ‘एनआयएलएम’ म्हणजे दोष दिसला नाही. ‘एएससी-यूएस’ म्हणजे शंका आहे, नक्की नाही. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, तो बरेचदा आपोआप जातो, पण पुन्हा तपासावा लागतो. ‘एचएसआयएल’ म्हणजे गंभीर बदल, इथे उशीर नको. आणि ‘नमुना अपुरा’ म्हणजे नॉर्मल नव्हे, तपासणी पुन्हा करायची.

मोठ्या दवाखान्यात रोगाला आकडाही देतात. पॅपचा अहवाल बिघडलेला असेल तर आर ८७.६. तुकडा तपासून आधीचा बदल ठरला तर तीव्रतेप्रमाणे एन ८७ किंवा डी ०६. कॅन्सर ठरला तरच सी ५३. नुसत्या पॅपवरून कुणी सी ५३ लिहिलं तर बाईवर आणि घरावर नसलेल्या कॅन्सरचा शिक्का बसतो. उलट ‘पांढरं जातं’ एवढंच लिहून गोळ्या दिल्या तर खरा दोष कागदावरून पुसला जातो. चूक एका ओळीची असते, भोगते बाई.

कागद नसला की भीतीचा धंदाही चालतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घातल्याचं कित्येक जणींनी सांगितलं. कुणी पिशवी काढा म्हटलं तर आधी विचारा : कोणत्या तपासणीत काय दिसलं, ते लिहून द्या.

आमच्या नर्स भगिनींवर आम्ही सगळा दोष टाकत नाही. आम्हीही ती नोकरी केली आहे. एका दिवसात शंभर बाया आणि लिहायला एकटी, हे आम्हाला माहीत आहे. दोष मोजण्याच्या पद्धतीत आहे. शिबिराचा अहवाल जातो तो ‘इतक्या बाया तपासल्या’ असा. दोष दिसलेल्यांपैकी किती जणी उपचारापर्यंत पोहोचल्या, हा रकाना भरल्याशिवाय शिबिर पूर्ण झालं असं कुणी म्हणू नये. आपल्या महिला मंडळांनी शिबिर घेणाऱ्यांना हाच प्रश्न विचारावा.

माय-बहिणींनो, ३० ते ६५ वयाच्या बायांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ती करून घ्या. उठण्याआधी कागदावर पाच गोष्टी बघा : तपासणीचं नाव आणि तारीख, काय दिसलं, पुढे कोणती तपासणी, कुठे आणि कधीपर्यंत, आणि आपला बरोबर फोन नंबर. समजलं नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका. कागद हरवला तरी हक्क हरवत नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या. लिहिता येत नसेल तर मंडळातल्या शिकलेल्या मुलीला सोबत घ्या.

शेजारणीच्या घरी असा कागद पडून असेल, तर आजच तिला विचारा.