स्टेडियम व्ह्यू

परवा शनिवारी नेरूळला एक फ्लॅट बघून आलो. रीसेल, वन बीएचके, जुनी सोसायटी, सातवा मजला. किचनचा ओटा बरा होता, बाथरूमच्या भिंतीला ओल होती, आणि ब्रोकरला या दोन्हींत काडीचाही रस नव्हता. त्याने मला थेट बेडरूमच्या खिडकीपाशी नेऊन उभं केलं आणि पडदा असा सारला की जणू तिसरी घंटा झालीय. समोर डी. वाय. पाटील स्टेडियम. "सर, फुटबॉल, क्रिकेट, कॉन्सर्ट, सगळं घरबसल्या. व्ह्यू आहे म्हणून भाव थोडा वर आहे."

थोडा म्हणजे किती? तर मागच्या गल्लीतल्या तेवढ्याच फ्लॅटपेक्षा सहा लाख जास्त. बरं, त्या खिडकीतून मैदान दिसतच नाही. दिसतं ते छप्पर आणि दिवे. म्हणजे मॅच घरबसल्या बघायची तर टीव्हीच लावावा लागणार, फक्त खिडकीतून ओरडा आधी ऐकू येईल आणि टीव्हीवर विकेट नंतर पडेल. सस्पेन्सची वाट लावण्याचे सहा लाख!

रात्री घरी फोन केला. घर म्हणजे सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग थे स्टेडियमवर रोजच पट भरते का बा?"

मी हसलो. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की दोन महिने घरं बघत फिरतोय, आणि इतका नेमका प्रश्न मी एकाही ब्रोकरला विचारला नव्हता.

पट म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की हिवाळाभर या गावाला, मग त्या गावाला पट भरतो. दिवसा बैल धावतात, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक उजाडेपर्यंत चालतं. आमचं घर गावच्या मैदानाला लागून आहे. त्या दोन-तीन दिवसांत आमच्याकडे किती पाहुणे जेवून जातात याचा हिशोब आईनेही कधी ठेवलेला नाही. भोंगा रात्रभर कानाशी. आणि गंमत म्हणजे "मैदानाजवळचं घर" ही आमच्याकडे तक्रार नसते, मान असतो.

असो. बाबा पुढे म्हणाले, "पैसे कमी पडत असतीन तं तलावाखालची बांधी काढू." बांधी म्हणजे धानाची खाचर. तलावाखालचा तो तुकडा अर्ध्या एकराचा आहे, पाणी कधी आटत नाही, आणि आमच्या घरचा वर्षाचा तांदूळ तिथून येतो. आमच्याकडच्या भावाने त्याचे साधारण सहा लाख येतील. आता कळलं ना, त्या खिडकीकडे मी एवढ्या रागाने का बघत होतो?

तर मुद्दा असा की स्टेडियमशेजारी घर घेणाऱ्याला नक्की काय विकलं जातं? ब्रोकर म्हणतो, फुटबॉल. जरा बघू.

हे स्टेडियम ४ मार्च २००८ ला सुरू झालं. त्याच वर्षी पहिल्या आयपीएलची फायनल इथे झाली, २०१० चीही झाली. २०११ ला पुणे वॉरियर्स इथे खेळले, कारण त्यांचं गहुंजेचं स्टेडियम तयार नव्हतं. ते झालं आणि आयपीएल इथून गायब, ते थेट २०२२ ला परत आलं. फुटबॉलचंही तसंच. २०१४ ला आयएसएल सुरू झाली तेव्हा मुंबई सिटीचं घर हेच होतं आणि पहिली फायनलही इथेच झाली, कोलकात्याने केरळला अगदी शेवटच्या क्षणी हरवलं ती. दोन हंगाम झाले आणि २०१६ ला मुंबई सिटी अंधेरीला गेली. २०१४ ला जर कुणी "घरच्या टीमच्या शेजारी" म्हणून जास्त पैसे मोजून फ्लॅट घेतला असेल, तर वीस वर्षांच्या कर्जातली पहिली दोन वर्षं संपायच्या सुमारास टीम निघून गेली. हप्ते राहिले.

पुण्यात बालेवाडीचं हेच. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ तिथे खेळली आणि बंद पडली, तिची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. जुलै २०२५ मध्ये तर आयएसएलचा अख्खा पुढचा हंगामच अधांतरी झाला. आपल्याकडे स्टेडियम जागचं हलत नाही, पण त्यात खेळणारे भाडेकरू असतात. आणि भाडेकरूच्या भरवशावर शेजाऱ्याने जास्त पैसे मोजायचे, हे माझ्या डोक्यात काही बसत नाही.

मी आपला इंजिनियर माणूस, म्हणून एक्सेल शीट केली. गेल्या काही वर्षांत इथे काय काय झालं ते जमेल तसं भरत गेलो. २०१७ ला मुलांच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल वर्ल्ड कपचे सामने, स्पेन आणि मालीच्या सेमीफायनलसकट. २०१९ च्या डिसेंबरात यू-टू. मग कोविड, सन्नाटा. आणि २०२२ ला अचानक पूर आला: जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा फुटबॉल एशियन कप (आपल्या टीमला कोविडमुळे माघार घ्यावी लागली तोच), मग आयपीएलच्या वीस मॅचेस, मग ऑक्टोबरात मुलींचा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप आणि त्याची फायनल. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन दिवस, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात महिलांचा क्रिकेट वर्ल्ड कप.

शेवटी सवयीने सरासरीचा फॉर्म्युला टाकायला गेलो आणि थांबलो. आमच्या हापिसात कुणी सर्व्हरची साइझिंग सरासरी लोडवर केली तर त्याला मॅनेजर फाडून खाईल. सर्व्हर कोसळतो तो सरासरी दिवशी नाही, दिवाळी सेलच्या दिवशी. घराचंही तेच. तीनशेहून जास्त दिवस ते स्टेडियम म्हणजे एक मोठं, शांत, जरा देखणंसुद्धा असं भांडं आहे. तुम्ही तिथे राहू शकता की नाही हे उरलेले दिवस ठरवतात, आणि ते किती असतील हे घर घेताना तुम्हाला कुणी सांगत नाही.

लंडनमध्ये हे सांगतात. प्रीमियर लीगच्या क्लबच्या शेजारी राहत असाल तर लीगचे घरचे सामने एकोणीस, ना अठरा ना वीस. वेम्बलीच्या आसपास मोठ्या कार्यक्रमांच्या संख्येवर तिथल्या कौन्सिलची मर्यादा असते, आणि त्या दिवशी रस्त्यावर गाडी लावायला रहिवाशांना परवाने असतात. म्हणजे त्रास आहेच, पण मोजलेला. (आर्सेनलने तर २००६ ला हायबरी सोडलं तेव्हा जुन्या स्टेडियमचेच फ्लॅट झाले आणि मैदानाची बाग. स्टेडियम व्ह्यूचा ह्याहून थोर प्रकार नसेल.)

आपल्याकडे कायदा आहे, नाही असं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. पण पन्नास हजार माणसं एकदम ओरडली तर तो लाउडस्पीकर नव्हे, त्याला कुठला नियम लावणार?

आणि खरं सांगू का, आवाजाचं मला एवढं वाटत नाही. मी त्याच भागात दीड वर्ष भाड्याने राहतोय. त्रास रस्त्याचा आहे. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने नेरूळला उतरायचं, आणि स्टेशनबाहेर बघावं तर निळ्या जर्सींचा समुद्र आपल्याच दिशेने चाललेला. रिक्षा नाही. बॅरिकेडपाशी हवालदाराला "इथेच राहतो हो" म्हणून आधार कार्ड दाखवायचं, आणि त्या कार्डावर पत्ता सानगडीचा! भाडेकरू म्हणून मला हे सगळं चालतं, फार तर अर्धा तास जास्त चालतो. पण घर घ्यायचं ते आई-बाबांनाही येऊन राहता यावं म्हणून, आणि बाबांचे गुडघे दुखतात. रात्री अकराला कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी कुठल्या बाजूने निघेल, हा प्रश्न मी त्या ब्रोकरला विचारला. तो म्हणाला, "सर, पॉझिटिव्ह विचार करा."

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. २ नोव्हेंबर २०२५, महिलांची वर्ल्ड कप फायनल. दिवाळीला आलेली आई तेव्हा माझ्याकडेच होती. (बाबा धान कापणीमुळे गावीच.) पावसाने मॅच दोन तास उशिरा सुरू झाली. आईला क्रिकेटमधलं आउट आणि सिक्स एवढंच कळतं. रात्री दहानंतर तिने टीव्हीचा आवाज बंद करायला लावला. म्हणाली, बाहेरून चांगलं ऐकू येऊन रायलं. मग आम्ही बाल्कनीत खुर्च्या टाकून नुसते आवाज ऐकत बसलो. ओरडा उठला की ती विचारायची, "आपला का त्यायचा?" मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला तेव्हा जो आवाज झाला त्याने खिडकीची काच थरथरली. खाली रस्त्यावर अनोळखी पोरं-पोरी नाचत होती. मी उतरलो आणि नाचलो. आईने वरून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना फोनवर सांगितलं, "पटावानीच आहे बाप्पा."

तेव्हा डेसिबल कुठे गेले होते माझे?

ऑफिसात एक कोल्हापूरचा मित्र आहे. महाराष्ट्रात फुटबॉलचं म्हणावं असं स्टेडियम त्यांच्याकडे, राजर्षी शाहू स्टेडियम, तेही भर गावात. टीम म्हणजे पेठांच्या तालमी: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. त्याला विचारलं, तुमच्याकडे लोक स्टेडियमजवळ घर घेताना विचार करतात का? तो म्हणाला, "विचार कसला करायचा? मॅच हरलो तर शेजारी तोंड कसं दाखवायचं एवढाच विचार." मॅचनंतर हाणामाऱ्याही होतात तिथे, पोलीसही येतात, हे त्याने जरा अभिमानानेच सांगितलं. पण ते भांडण त्यांचं आहे. टीम अंधेरीला निघून जाणार नाही, कारण टीम म्हणजे गल्लीच.

फरक इथे आहे असं मला वाटतं. पटाच्या रात्री भोंग्याचा आवाज आम्हाला लागत नाही, कारण पंच कमिटीत काका असतो, पाहुण्यांच्या पंगतीत आपण वाढत असतो, आणि नाटक किती वाजता सुरू करायचं यावर बाबा भांडूनही येऊ शकतात. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी आणली आणि मैदान सुनं झालं, तेव्हा ते सुनेपण आमचं होतं. १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींचा कायदा वैध ठरवला तेव्हाचा आनंदही आमचाच. नेरूळच्या त्या खिडकीतून दिसणाऱ्या छपराखाली काय होणार, कधी होणार, यात माझा काडीचा हात नाही. पाहुणा म्हणून मी कधीही जाईन. दोन नोव्हेंबरसारखी रात्र आली तर पुन्हा नाचेन. पण ज्यात आपला हात नाही त्याच्यासाठी बांधी?

म्हणून माझं मत विचाराल तर, स्टेडियमजवळ घर घ्यायला हरकत नाही, स्टेडियमसाठी घर घेऊ नये. जो भाव मागच्या गल्लीला आहे तोच समोरच्याला द्यावा, जमलं तर थोडा कमीच, कारण रस्ता बंद होण्याचा धोका आपण घेतोय, विकणारा त्यातून सुटतोय. आणि टोकन देण्याआधी घर रिकाम्या शनिवारी बघू नये, मी बघितलं तसं. बघायचं तर मॅच सुटल्यावर बघावं, हातात पिशवी आणि सोबत एक म्हातारं माणूस घेऊन.

मागच्या गल्लीतल्या फ्लॅटला खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगची वाळत घातलेली कपडे दिसतात. पण तिथून गाडी स्टेडियमचा रस्ता न घेता जुईनगरच्या बाजूला निघते. निदान नकाशात तरी निघते. काल बाबांना सांगितलं, बांधी राहू द्या, यंदा पऱ्हे टाका. ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं की तिथून पट दिसते का.

दिसत नाही म्हणालो. ऐकू येतो.